आकाशातून पडलेली कडी कोणाच्या मालकीची? अवकाश कायदा सोप्या भाषेत

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि लगतच्या मध्य प्रदेशातील अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तूंची एक रांग पाहिली. कोणाला ती उल्का वाटली, तर कोणाला पेटलेले विमान. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे दहा फूट व्यासाची धातूची एक कडी पडलेली आढळली आणि पाठोपाठ त्याच तालुक्यात पवनपारच्या परिसरात धातूचा एक गोळा सापडला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पोलिसांनी या वस्तू ताब्यात घेतल्या आणि काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. वस्तूंच्या कक्षांवर नजर ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला, आणि हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३-बी’ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष असावा, असे मत दिले.

ही कडी कोणाच्या मालकीची? ती भंगारात विकली असती तर चालले असते का? ती एखाद्या घरावर पडली असती, तर नुकसानभरपाई कोणी, कोणाकडे आणि किती मुदतीत मागायची? या प्रश्नांची उत्तरे महसुली कायद्यात किंवा फौजदारी कायद्यात शोधून सापडत नाहीत. ती १९६७ ते १९७९ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या पाच आंतरराष्ट्रीय करारांत आहेत. त्यांपैकी पहिल्या चार करारांना भारत आणि चीन हे दोन्ही देश बांधील आहेत. भारताने १९६७ च्या मूळ अवकाश करारावर त्याच वर्षी सही केली असली, तरी त्याला औपचारिक मान्यता १९८२ मध्ये दिली. नुकसानभरपाईच्या करारात मात्र तो त्याआधीच, १९७९ मध्ये सामील झाला होता. चीन १९८३ मध्ये मूळ करारात आणि १९८८ मध्ये उरलेल्या तिन्ही करारांत आला.

हे करार ज्या समितीत घडले तिचे नाव ‘अवकाशाच्या शांततामय वापरासाठीची समिती’ असे आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडल्यावर पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ती तात्पुरती नेमली आणि १९५९ मध्ये कायम केली. तेव्हा तिचे सदस्य २४ होते आणि त्यांत भारत होता. आज ही संख्या शंभराच्या वर गेली आहे. समितीच्या बैठका व्हिएन्ना येथे होतात. तिथे मतदान घेऊन बहुमताने निर्णय होत नाहीत; सर्वांची सहमती झाली तरच मसुदा पुढे सरकतो. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका मसुद्यावर सही करू शकले ते याच पद्धतीमुळे, आणि १९७९ नंतर या समितीतून एकही नवा बंधनकारक करार निघालेला नाही तोही याच पद्धतीमुळे. चोवीस देशांचे एकमत घडवणे आणि शंभराहून अधिक देशांचे एकमत घडवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया १९६७ च्या कराराच्या एका कलमात आहे. सोव्हिएत संघाचा आग्रह होता की अवकाशात केवळ सरकारांनीच जावे, तर अमेरिकेला आपल्या खासगी कंपन्यांसाठी दार उघडे ठेवायचे होते. तोड अशी निघाली की कंपन्यांना जाऊ द्यावे, पण त्यांनी तिथे जे काही केले त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या त्या देशाच्या सरकारची राहील आणि सरकारने त्यांना आधी परवानगी देऊन नंतर त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली पाहिजे. हे सहावे कलम होय. तेव्हा ती एक राजकीय तडजोड होती. आज हजारो उपग्रह खासगी कंपन्यांचे असताना संपूर्ण अवकाश कायदा याच एका खुंटीवर टांगलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

जमिनीवर पडले तर

लाडबोरीच्या कडीपासूनच सुरुवात करू. मूळ कराराचे आठवे कलम सांगते की अवकाशात सोडलेल्या वस्तूची मालकी ती अवकाशात गेल्याने किंवा पृथ्वीवर परत आल्याने बदलत नाही. म्हणजे ज्याच्या रानात ती पडली त्याची ती होत नाही आणि भंगारवाल्याला ती विकण्याचा हक्कही कोणाला मिळत नाही. अवकाशवीरांच्या सुटकेसाठी १९६८ मध्ये झालेल्या करारात अशा वस्तूंसाठी एक स्वतंत्र कलम आहे. त्यानुसार ज्या देशात वस्तू सापडली त्याने ती सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे असते. मालकाने मागितल्यास ती परत करायची असते. मात्र विचारणा झाल्यास मागणाऱ्याने आधी ओळख पटवणारा तपशील द्यायचा असतो, आणि ती शोधण्याचा व परत पाठवण्याचा खर्चही त्यानेच सोसायचा असतो. वस्तू धोकादायक असल्याची शंका असेल, तर तो धोका दूर करण्याची जबाबदारीही सोडणाऱ्या देशावर येते. ही तरतूद उगीच नाही, कारण रॉकेटच्या आणि उपग्रहांच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखे अत्यंत विषारी इंधन शिल्लक राहिलेले असू शकते. म्हणून अशा वस्तूला हात न लावता पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक देश आपली जळकी टाकी परत मागायला येत नाहीत. त्याचे कारण उघड असावे, असे मला वाटते: ‘ही आमची’ म्हणणे म्हणजे तिने केलेल्या नुकसानीचीही जबाबदारी अंगावर घेणे होय.

ती जबाबदारी १९७२ च्या नुकसानभरपाई कराराने ठरवली आहे आणि जमिनीपुरती ती विलक्षण कडक आहे. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाचे नुकसान केले, तर सोडणाऱ्या देशाची चूक होती की नव्हती हा प्रश्नच विचारला जात नाही. काळजी घेतली होती, यंत्र अचानक बिघडले, अंदाज चुकला, यांपैकी कोणतीही सबब चालत नाही. वस्तू त्याची आणि नुकसान तिच्यामुळे, एवढे सिद्ध झाले की भरपाई देणे भाग आहे. नुकसान म्हणजे जीवितहानी, शारीरिक इजा, आरोग्याची हानी आणि मालमत्तेचे नुकसान. कडी रिकाम्या जागी पडली आणि कोणाचे काही बिघडले नाही, तर मागण्यासारखेही काही उरत नाही, आणि सिंदेवाहीत तसेच झाले.

हा हक्क नागरिकाचा असला, तरी तो बजावण्याची वाट सरकारमार्फत जाते. लाडबोरीच्या शेतकऱ्याचा गोठा मोडला असता, तर या कराराखाली त्याला थेट बीजिंगकडे अर्ज करता आला नसता. भारत सरकारने त्याच्या वतीने राजनैतिक मार्गाने मागणी करायची असते, आणि ती साधारणपणे घटनेपासून किंवा जबाबदार देश कोण हे समजल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. त्यामुळे स्थानिक पातळीवरचा पंचनामा, छायाचित्रे आणि नुकसानीची नोंद यांना इथे नेहमीपेक्षा अधिक मोल येते, कारण गावातल्या त्या कागदांवरच पुढची सगळी परराष्ट्रीय बोलणी उभी राहणार असतात. वर्षभरात तोडगा निघाला नाही, तर तीन सदस्यांचा दावा आयोग नेमण्याची मागणी कोणत्याही एका बाजूला करता येते. तिथे एक मेख आहे. आयोगाचा निर्णय बंधनकारक राहील असे दोन्ही देशांनी आधी मान्य केले असेल तरच तो बंधनकारक ठरतो, नाहीतर ती केवळ शिफारस राहते.

या कराराखाली रीतसर मागणी झाल्याचे आजवरचे एकमेव उदाहरण म्हणून कॅनडाच्या प्रकरणाकडे बोट दाखवले जाते. ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएत टेहळणी उपग्रह अणुभट्टीवर चालत असे. तो सप्टेंबर १९७७ मध्ये सोडला गेला, लवकरच त्याच्यावरचे नियंत्रण सुटले आणि २४ जानेवारी १९७८ रोजी तो कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशावर फुटून विखुरला. किरणोत्सारी तुकडे शोधण्यासाठी कॅनडाने अमेरिकेच्या मदतीने विमाने आणि हेलिकॉप्टर लावून सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटरचा टापू पिंजून काढला. माणसे दगावली नव्हती, घरे पडली नव्हती; मग नुकसान नेमके कशाचे, असा प्रश्न होता. कॅनडाचे म्हणणे असे की किरणोत्सारी कचरा पसरल्याने ती भूमी वापरण्यायोग्य राहिली नाही आणि ती साफ करण्याचा खर्च म्हणजेच नुकसान. एकूण खर्च याहून बराच अधिक झाला असला, तरी या घटनेमुळे जो जादा खर्च करावा लागला तेवढाच त्यांनी मागितला, आणि तो आकडा सेंटपर्यंत मोजलेला होता: ६० लाख ४१ हजार १७४ कॅनडियन डॉलर आणि ७० सेंट. तीन वर्षांच्या वाटाघाटींनंतर २ एप्रिल १९८१ रोजी मॉस्कोत समझोता झाला आणि सोव्हिएत संघाने ३० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. समझोत्याच्या मजकुरात सोव्हिएत संघाने आपले दायित्व कबूल केल्याचा उल्लेख नाही. पैसे दिले, हा विषय कायमचा मिटला, एवढेच. अवकाश कायदा प्रत्यक्षात कसा चालतो हे यातून नेमके कळते. करारातील कलमे बोलणी सुरू करून देतात, आकडा घासाघिशीतून ठरतो आणि शब्द दोन्ही सरकारांना तोंड लपवावे लागणार नाही असे निवडले जातात.

‘स्कायलॅब’ आठवणारे वाचक अजून असतील. १९७९ च्या जुलैत ही अमेरिकी प्रयोगशाळा कोसळणार म्हणून भारतातही धास्ती पसरली होती. अखेर तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि तिथल्या एस्परन्स या गावच्या स्थानिक संस्थेने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. ती अर्थातच गंमत होती, आणि तीस वर्षांनी एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून ती रक्कम भरून टाकली.

त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर एक मोठे दंडगोल धूड वाहून आले. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने चौकशीअंती जाहीर केले की ते बहुधा भारताच्या ‘पीएसएलव्ही’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे आहे आणि पुढे काय करायचे ते संयुक्त राष्ट्रांच्या करारांतील बंधने लक्षात घेऊन इस्रोशी बोलून ठरवले जाईल. सिंदेवाहीच्या वेळी आपण ज्या बाजूला होतो, त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला इथे आपण होतो.

कराराची एक फट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका घराच्या छपराला भोक पाडून धातूचा एक तुकडा आत आला. तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांच्या साहित्याचा भाग होता, हे ‘नासा’ने मान्य केले. त्या कुटुंबाने ८० हजार डॉलरहून अधिक रकमेची मागणी ‘नासा’कडे केली, पण ती अमेरिकेच्या देशांतर्गत कायद्याखाली. त्यांच्या वकिलांचा मुद्दा असा होता की हाच तुकडा परदेशात पडला असता, तर अमेरिकेला चूक असो वा नसो भरपाई द्यावीच लागली असती. मग स्वतःच्या नागरिकांना त्याहून कमी का? उद्या भारतीय रॉकेटचा तुकडा भारतीय शेतात पडला, तर हाच प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

वर कक्षेत मात्र वेगळा न्याय

दोन उपग्रह कक्षेत एकमेकांवर आदळले, तर वरचा कडक नियम गळून पडतो. तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागते, आणि चूक म्हणजे काय हे करारात कुठेही सांगितलेले नाही.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर ‘इरिडियम ३३’ हा अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा रशियाचा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले आणि माग ठेवता येतील असे दोन हजारांवर तुकडे झाले. चूक कोणाची मानायची? मेलेला उपग्रह तसाच फिरत ठेवणाऱ्याची, की ज्याला बाजूला होता येत होते त्याची? त्यात आणखी एक गुंता होता. १९७२ च्या करारानुसार उपग्रह सोडणारा, तो दुसऱ्याकरवी सोडून घेणारा, आणि ज्याच्या भूमीवरून किंवा ज्याच्या तळावरून तो सोडला गेला, असे सगळे देश ‘सोडणारे देश’ ठरतात आणि सगळे एकत्रितपणे जबाबदार असतात. ‘इरिडियम ३३’ हा १९९७ मध्ये रशियाच्या ‘प्रोटॉन’ रॉकेटने कझाकस्तानातील बैकोनूरहून गेला होता. म्हणजे धडकेतील दोन्ही बाजूंना रशिया उभा होता. कोणीही कोणाकडे भरपाई मागितली नाही.

हे आपल्यालाही लागू आहे आणि थोडे धाकदायक आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोने एकाच रॉकेटने १०४ उपग्रह सोडले. त्यांपैकी १०१ परदेशी होते आणि ९६ एकट्या अमेरिकेचे. आपण त्या विक्रमाचा आनंद साजरा केला आणि तो योग्यच होता. पण कायद्याच्या दृष्टीने त्या प्रत्येक उपग्रहाचा भारत हाही एक सोडणारा देश झाला आणि ही ओळख नंतर पुसता येत नाही. उपग्रह चालवणे, वळवणे, बंद करणे हे सगळे अमेरिकी कंपनीच्या हाती, तर दायित्वाची एक बाजू नवी दिल्लीकडे. देशांनी आपापसांत करार करून हा भार वाटून घेण्याची मुभा १९७२ च्या करारात आहे, पण त्या वाटपामुळे नुकसान झालेल्या देशाचा कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागण्याचा हक्क कमी होत नाही.

आज अडचण अशी आहे की कक्षेत वाहतुकीचे नियमच नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस युरोपीय अवकाश संस्थेचा ‘इओलस’ हा उपग्रह आणि उपग्रहांमार्फत इंटरनेट पुरवणाऱ्या ‘स्टारलिंक’चा एक उपग्रह एकमेकांच्या वाटेत येत असल्याचे दिसले. सुरुवातीला धडकेची शक्यता पन्नास हजारांत एक होती, तेव्हा स्टारलिंकच्या कंपनीने ई-मेलने कळवले की आम्ही हलवण्याचा विचार करत नाही. पुढे ती शक्यता हजारात एकाहून अधिक झाली. पण कंपनीच्या सूचना यंत्रणेत बिघाड असल्याने तिच्या माणसापर्यंत पुढचे निरोप पोहोचलेच नाहीत, आणि अखेर युरोपने आपला उपग्रह उचलून बाजूला केला. कोणी बाजूला व्हायचे याचा नियम नसल्यामुळे सिग्नल नसलेल्या चौकात जो आधी घाबरतो तो थांबतो, तसा हा प्रकार झाला. फरक इतकाच की इथला वेग ताशी सत्तावीस हजार किलोमीटरच्या घरात असतो. डिसेंबर २०२१ मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना लेखी कळवले की त्या वर्षी जुलैत आणि ऑक्टोबरात त्यांच्या अवकाश स्थानकाला स्टारलिंकच्या उपग्रहांपासून दोनदा बाजूला व्हावे लागले. अमेरिकेने उत्तरादाखल आपली बाजू मांडली आणि प्रकरण कागदावरच राहिले.

कचऱ्यासाठी करार नाही, केवळ सल्ला

आज सुमारे ४० हजार वस्तूंवर पृथ्वीवरून नजर ठेवली जाते, आणि एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. याबाबत बंधनकारक करार नाही. आहेत त्या मार्गदर्शक सूचना. २००२ मध्ये निरनिराळ्या देशांच्या अवकाश संस्थांनी मिळून नियमावली तयार केली आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने तिच्या आधारे सात सूचना मान्य केल्या. काम संपलेला उपग्रह खालच्या कक्षेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ राहू नये, हा त्यातून रुळलेला दंडक. २०१९ मध्ये अवकाशातील व्यवहार दीर्घकाळ टिकावेत यासाठी आणखी एकवीस सूचनांवर सहमती झाली. सल्ला मोडला तर शिक्षा नाही, हे खरे. तरीही सगळे व्यर्थ नाही, कारण अनेक देशांनी याच सूचना आपापल्या परवान्यांच्या अटींत घालून त्यांना कायद्याचे दात दिले आहेत.

दुसऱ्याचा कचरा आपण उचलावा म्हटले, तर तेही सोपे नाही. आठव्या कलमानुसार रशियाचा मेलेला उपग्रह आजही रशियाचाच आहे आणि त्याच्या अनुमतीविना त्याला हात लावता येत नाही. समुद्रात बुडालेले जहाज वाचवणाऱ्याला मोबदला मागण्याचा हक्क असतो, तसा हक्क अवकाशात नाही. शिवाय दुसऱ्याचा उपग्रह पकडणारे यंत्र शस्त्र म्हणूनही वापरता येते, त्यामुळे संशय कायम राहतो.

कचऱ्याची सर्वांत मोठी भर जाणूनबुजून टाकलेली आहे. जानेवारी २००७ मध्ये चीनने आपलाच जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि माग काढता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले; उंची साडेआठशे किलोमीटरच्या आसपास असल्याने त्यांतले बरेच आजही फिरत आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने असाच एक उपग्रह फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्थानकावरील अंतराळवीरांना आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला, आणि त्यांत रशियाचे अंतराळवीरही होते. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त आपला उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटरहून कमी उंचीवर पाडला, तो तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून, बहुतेक तसे जळालेही, पण काही जाहीर केल्यापेक्षा बराच अधिक काळ वर राहिले. १९६७ चा करार कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई करतो, परंतु जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून स्वतःचा उपग्रह फोडण्यास थेट मनाई त्यात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अशा चाचण्या न करण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी संमत झाला. रशिया व चीनने विरोधात मत दिले आणि भारत तटस्थ राहिला. स्वेच्छेच्या वचनाऐवजी सर्वांना बांधणारा, तपासणीची सोय असलेला करार हवा, ही भारताची जुनी भूमिका आहे. ती तत्त्वतः बरोबर आहे. पण सहमतीवर चालणाऱ्या सभागृहात असा करार कधी होणार, या प्रश्नाला ती उत्तर देत नाही.

जिथे कायदा चावतो

अवकाशाचा सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा कायदा व्हिएन्नात नसून जिनिव्हात आहे आणि तो रेडिओ लहरींचा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे रेडिओ नियम हा स्वतःच एक करार आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत उपग्रह पृथ्वीवरून एका जागी स्थिर दिसतो, म्हणून दूरचित्रवाणीसाठी ती कक्षा सोन्याच्या मोलाची आहे. कोणत्या देशाने कोणत्या रेखांशावर कोणती लहर वापरायची याची नोंद तिथे होते. १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया आदी आठ विषुववृत्तीय देशांनी बोगोटा येथे घोषणा केली की आमच्या डोक्यावरचा कक्षेचा भाग आमचाच आहे. इतरांनी ती मानली नाही, कारण मूळ करारानुसार अवकाशावर कोणालाही सार्वभौमत्व सांगता येत नाही. मात्र त्यामागची तक्रार खोटी नव्हती: ‘जो आधी येईल त्याला आधी’ या पद्धतीत श्रीमंत देश पुढे आणि बाकीचे मागे राहतात. त्यामुळे पुढे काही लहरपट्ट्यांत प्रत्येक देशासाठी वाटा राखून ठेवण्यात आला. टोंगा या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने हीच पद्धत उलटी वापरली. स्वतःचा एकही उपग्रह नसताना त्याने जागांसाठी अर्ज केले आणि मिळालेल्या जागा भाड्याने दिल्या.

या नियमांना पोलीस नाहीत. तरीही देश ते पाळतात, कारण नोंद नसलेल्या उपग्रहाला दुसऱ्याच्या लहरींचा व्यत्यय आला तर त्याची दाद घेतली जात नाही. अर्ज केल्यापासून सात वर्षांत लहर वापरात आणली नाही, तर हक्क जातो. हजारो उपग्रहांचे जाळे जाहीर करून जागा अडवणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये टप्पेही ठरवले गेले: त्या सात वर्षांनंतर दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर गेले पाहिजेत.

दुसरा चावा देशांतर्गत परवान्याचा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये पंचवीस वर्षांची मुदत आपल्या परवानाधारकांपुरती पाच वर्षांवर आणली. पुढच्याच वर्षी त्याने ‘डिश’ या कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड केला. तिने आपला जुना उपग्रह त्याच्या कामाच्या कक्षेपासून ठरलेल्या तीनशे किलोमीटरऐवजी इंधन संपल्यामुळे अवघा १२२ किलोमीटर वर नेऊन सोडून दिला होता. रक्कम किरकोळ आहे, पण अवकाशातील कचऱ्यासाठी झालेला हा पहिला दंड.

चंद्राबाबत थोडक्यात एवढेच सांगतो की चंद्रावर एकरी जमीन विकणाऱ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे भिंतीवर लावण्यापलीकडे कामाची नाहीत. खरा वाद तिथून काढलेल्या खनिजांचा आणि बर्फाचा आहे. १९७९ च्या चंद्र कराराने ती संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली, आणि नेमक्या त्याच कारणाने मोठे अवकाश देश त्यापासून दूर राहिले. भारताने सही केली, मान्यता दिली नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने २०२० मध्ये आलेला ‘आर्टेमिस’ जाहीरनामा खनिजे काढणे म्हणजे जमिनीवर मालकी सांगणे नव्हे, असे म्हणतो. भारताने त्यावर जून २०२३ मध्ये सही केली. तो बंधनकारक करार नाही, आणि चीन व रशिया त्यात नाहीत. खनिजांच्या प्रश्नावर व्हिएन्नाच्या समितीचा एक कार्यगटही काम करत आहे.

राहता राहिला आपला स्वतःचा कायदा. सहावे कलम सरकारकडून परवानगी आणि सतत देखरेख मागते. अमेरिकेने खासगी उड्डाणांसाठी १९८४ मध्ये, फ्रान्सने २००८ मध्ये, ब्रिटनने २०१८ मध्ये कायदे केले. भारतात २०२० मध्ये खासगी क्षेत्राला दार उघडले आणि परवानगीसाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या ‘स्कायरूट’चे ‘विक्रम-एस’ हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन आले. अवकाश नेमके कुठून सुरू होते हे कोणत्याही करारात ठरलेले नसल्याने ते अवकाशात गेले की नाही, यावर वकील आणि अभियंते अजून वाद घालू शकतात. २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, २०२४ मध्ये परवान्यांची सविस्तर कार्यपद्धती आली. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या भारतीय कंपनीच्या उपग्रहाने परदेशात नुकसान केले, तर भरपाई भारत सरकार देईल हे आंतरराष्ट्रीय कराराने आजच ठरलेले आहे. ती रक्कम सरकारने कंपनीकडून किती मर्यादेपर्यंत वसूल करायची, कंपनीने किती रकमेचा विमा उतरवायचा, मर्यादेपलीकडचा भार करदात्याने उचलायचा का, आणि भारतीय नागरिकाचेच नुकसान झाले तर त्याने कोणत्या न्यायालयात जायचे, हे संसदेने केलेल्या कायद्यातच पक्के होऊ शकते. अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा सरकारने २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता.